फिक्स्ड ॲक्सल यो-यो: निवड, दोरी आणि पहिल्या ट्रिक्स (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यो-यो घ्यायचा म्हणून ऑनलाइन शोधायला बसलं की समोर चकचकीत ॲल्युमिनियमचे, बेअरिंगवाले यो-यो येतात. त्यातला एखादा हौसेने मागवला जातो, खाली फेकला जातो आणि वर येतच नाही. मग तो कपाटात पडून राहतो. साधा, जुन्या पद्धतीचा यो-यो ज्यांना मनापासून शिकायचा आहे, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही, पण दोरीबद्दलचे प्रश्न मात्र वगळू नका.

फिक्स्ड ॲक्सल म्हणजे नेमकं काय?

यो-योच्या दोन चकत्या मधल्या एका दांडीने जोडलेल्या असतात. ही दांडी म्हणजे आस. आस चकत्यांना पक्का बसवलेला असतो, त्यांच्याबरोबरच फिरतो आणि दोरीचा फास थेट त्याच्यावर बसतो. फास आणि आस यांच्यामध्ये दुसरं काहीच नसतं. असा यो-यो तो फिक्स्ड ॲक्सल. आस लाकडाचा असू शकतो किंवा पोलादाचा.

बाकीचे प्रकार ओळखता यावेत म्हणून थोडक्यात: काही यो-योंमध्ये आसावर प्लास्टिकची सैल नळी असते, त्यांना ट्रान्सॲक्सल म्हणतात. काहींमध्ये बॉल बेअरिंग असतं. काहींमध्ये स्प्रिंगचा क्लच असतो, वेग कमी झाला की तो आसाला पकडतो आणि यो-यो आपोआप वर येतो. खोक्यावर काहीही छापलेलं असो, यो-यो उघडता येत असेल तर उघडून बघा. दोरीखाली नुसती दांडी दिसली की तो आपला.

बेअरिंगवाले मिनिटांमागून मिनिटं फिरतात. मग हा कशाला शिकायचा?

कारण हा यो-यो तुमचा हात घडवतो. लाकडी आसाचा यो-यो चांगला फेकला तरी खाली दहा-पंधरा सेकंद फिरतो, कसलेला हात असेल तर थोडा जास्त. तेवढ्या वेळात ट्रिक पूर्ण करायची असते. फेक वाकडी गेली तर पाच सेकंदांतच खेळ खलास. बेअरिंग तुमच्या बऱ्याच चुका पोटात घालतं. लाकडी आस एकही चूक खपवून घेत नाही, आणि म्हणून दोन-तीन आठवड्यांत फेक सरळ होते.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. हा यो-यो झटका दिला की परत येतो, त्यामुळे प्रत्येक ट्रिकला स्वतःचा शेवट असतो: यो-यो हातात आपटतो आणि मूठ मिटते. स्पर्धांमधले बहुतेक बेअरिंगचे यो-यो मुद्दाम असे बनवलेले असतात की नुसत्या झटक्याने ते परत येऊ नयेत. त्यांना वर आणायला बाइंड नावाची वेगळी युक्ती शिकावी लागते. त्या खेळाचं सौंदर्य वेगळं आहे आणि मला तोही आवडतो. पण सुरुवात करणाऱ्याला तासाभरात हातात काहीतरी लागलं पाहिजे, आणि ते इथे लागतं.

यो-यो परत येतो तो नेमका कशामुळे?

आधी तो खाली का थांबतो ते बघू. दोरी आसाला गाठीने बांधलेली नसते, तिचा फास आसाभोवती सैल बसलेला असतो. यो-यो दोरीच्या टोकाशी पोचला की दोरी ताठ राहते आणि आस त्या फासात घसरत फिरत राहतो. याला स्लीपर म्हणतात, म्हणजे यो-यो खाली झोपला. वरून हलका झटका दिला की यो-यो किंचित उचलला जातो, दोरी क्षणभर सैल पडते, ती सैल दोरी फिरत्या आसाला आणि चकत्यांच्या आतल्या भिंतींना घासून पकडली जाते आणि स्वतःवरच गुंडाळायला लागते. पहिला वेढा पडला की पुढचं काम यो-योची गती करते.

म्हणजे स्लीपरला दोरी ताठ लागते, आणि ती ताठ ठेवतं गुरुत्वाकर्षण. एप्रिल 1985 मध्ये डिस्कव्हरी या अंतराळयानातून इतर खेळण्यांबरोबर यो-योही नेला होता. तिथे वजनच नसल्यामुळे तो दोरीच्या टोकाशी थांबेना, पोचला की लगेच मागे फिरायचा. आपल्या हाताखाली जे रोज सहज घडतं, त्यात पृथ्वीचा वाटा केवढा आहे हे त्या एका प्रयोगातून समजतं.

जत्रेत मिळणारी लाकडी चकरी चालेल का?

खेळायला जरूर चालेल, ट्रिक्स शिकायला बहुतेकदा नाही. जत्रेतल्या चकरीची दोरी सहसा आसाला घट्ट बांधलेली किंवा भोकातून ओवून गाठ मारलेली असते. ती खाली जाते आणि लगेच वर येते, खाली थांबत नाही. पण ही चकरी आपल्याकडे फार जुनी आहे. बुंदी-कोटा शैलीतलं साधारण 1770 सालचं एक चित्र आहे, त्यात एक स्त्री यो-यो खेळताना दाखवली आहे. म्हणजे त्या काळी राजस्थानात मोठी माणसंही हा खेळ खेळत.

चकरीचा आस गुळगुळीत असेल आणि दोन्ही चकत्या सारख्या असतील तर जुनी दोरी कापून टाका आणि यो-योची फासाची दोरी घालून बघा. कधी कधी चांगला यो-यो हाती लागतो. बहुतेक वेळा मात्र चकत्या थरथरतात, कारण आस अगदी मधोमध बसवलेला नसतो.

मग पहिला यो-यो कोणता घ्यावा?

माझं उत्तर गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही: पोलादी आसाचा, प्लास्टिकचा, साधा यो-यो. डंकन कंपनीचे इम्पिरियल आणि बटरफ्लाय हे दोन नमुने याच जातीचे. बटरफ्लाय 1958 पासून बाजारात आहे. ते महाग नसतात, फरशीवर आपटले तरी बहुधा निभावून नेतात आणि झटका दिल्यावर इमानाने परत येतात. पहिल्या महिन्यात यो-यो किती वेळा जमिनीवर आपटणार आहे हे लक्षात घेतलं तर देखणा लाकडी यो-यो आधी घेऊ नये असं मी आग्रहाने सांगेन.

दिवे लागणारे, गाणं वाजवणारे यो-यो टाळा. त्यातल्या बॅटरीमुळे दोन बाजूंचं वजन सारखं राहत नाही आणि यो-यो एका अंगाला कलतो. तसेच अगदी हलके, पोकळ प्लास्टिकचेही नकोत. हातात घेतल्यावर वजन जाणवलं पाहिजे. 50 ते 60 ग्रॅमच्या आसपासचा यो-यो बहुतेकांना जमतो.

इम्पिरियल की बटरफ्लाय? आकाराने काय फरक पडतो?

बराच पडतो. इम्पिरियल बाहेरून गोल असतो आणि त्याची खाच अरुंद असते. हवेत पुढे फेकून परत पुढे फेकायचा, म्हणजे लूपचा खेळ त्याच्यावर छान होतो. बटरफ्लायमध्ये त्याच चकत्या उलट्या जोडल्यासारख्या असतात. बाहेरची कड रुंद आणि आत उतरत जाणारी खाच. असा यो-यो दोरीवर झेलायला सोपा जातो. मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना मी बटरफ्लाय सुचवतो, कारण त्यांना लवकरच दोरीवरच्या ट्रिक्स कराव्याशा वाटतात.

सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांनी 1970 च्या दशकात नो जाइव्ह नावाचा लाकडी यो-यो बनवला. त्याचे भाग सुटे करून तीन वेगवेगळ्या आकारांत जोडता येतात आणि आतला लाकडी आस झिजला की तेवढाच बदलता येतो. फिक्स्ड ॲक्सल खेळणाऱ्यांना तो आजही हवाहवासा वाटतो. याच कून यांनी 256 पौंडांचा, म्हणजे सुमारे 116 किलोंचा यो-यो बनवून क्रेनला टांगून चालवला होता. तो आता कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या यो-यो संग्रहालयात आहे.

लाकडी यो-योकडे कधी वळावं? त्याची काळजी कशी घ्यायची?

स्लीपर दहातल्या आठ वेळा सरळ पडायला लागला की वळा. लाकडाचा स्पर्श आणि हातात येताना होणारा टप्प आवाज प्लास्टिकला नाही. लाकडी आस पोलादी आसापेक्षा जाड असतो, त्यामुळे दोरी त्याला जास्त जागेवर घासते. म्हणून स्लीपर थोडा छोटा होतो, पण यो-यो झटक्याला लगेच ओ देतो. स्टॉलच्या, म्हणजे यो-यो दोरीवर क्षणभर थांबवायच्या ट्रिक्ससाठी नेमकं हेच हवं असतं.

नवा लाकडी आस पहिल्या दिवशी फार चिकट वाटेल. काळजी नको, दोरीच्या घर्षणाने तो हळूहळू गुळगुळीत होतो. फारच अडत असेल तर आसावर मेणबत्ती अगदी हलकी फिरवा, एकदाच. तेल कधीच लावू नका. तेल लाकडात मुरतं, दोरी बुळबुळीत होते आणि मग यो-यो वरच येत नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एक अनुभव हमखास येतो: मे महिन्यात झकास झोपणारा यो-यो जुलैत झोपायलाच तयार नसतो. लाकूड आणि सुती दोरी दोन्ही हवेतला ओलावा शोषतात, फुगतात आणि फटीतली जागा कमी होते. यो-यो डब्यात ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात थोडी पातळ दोरी वापरा. उन्हात वाळवायला ठेवू नका, लाकूड तडकतं.

इथल्या कारागिराकडून लाकडी यो-यो करून घेता येईल का?

येईल, आणि अवश्य घ्या. सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची जुनी परंपरा आहे, आणि लेथवर लाकूड कातणारा कारागीर बहुतेक मोठ्या गावांत सापडतो. त्याला नुसतं «यो-यो बनवून द्या» असं सांगू नका. माप द्या: व्यास साधारण 55 ते 57 मिलिमीटर, दोन चकत्यांमधली फट अडीच-तीन मिलिमीटर, आसाची जाडी सहा ते आठ मिलिमीटर. लाकूड शिसमासारखं घट्ट आणि एकसारख्या रेषांचं असावं. दोन्ही चकत्या एकाच ठोकळ्यातून, शेजारशेजारच्या भागातून कातायला सांगा, म्हणजे वजन सारखं येतं. घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही तोला. एका ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर जड चकतीला आतून पॉलिश पेपर मारा.

आसाचं भोक मात्र कारागिराकडूनच पाडून घ्या. ते केसभर जरी तिरकं गेलं तरी यो-यो आयुष्यभर थरथरतो.

दोरी कोणती वापरायची?

शंभर टक्के सुती. याबाबत तडजोड करू नका. फिक्स्ड ॲक्सलमध्ये दोरी सतत आसाला घासते आणि तापते. पॉलिएस्टरची दोरी त्या उष्णतेने वितळते, फासापाशी कडक होते आणि ऐन फेकीत तुटते. बाजारात मिळणाऱ्या रंगीबेरंगी दोऱ्या बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात आणि त्या बेअरिंगसाठी असतात. सुती-पॉलिएस्टर मिश्र दोरी एखाद वेळी चालते, पण सुती मिळत असताना ती का घ्यावी?

नायलॉनचा दोरा किंवा पतंगाचा मांजा कधीच लावू नका. बोट कापलं जातं.

सुती दोरी मिळाली नाही तर घरी करता येते का?

येते. शिवणाचा सुती दोरा घ्या, चार-पाच पदर एकत्र करा, लांबी तुम्हाला लागणाऱ्या दोरीच्या अडीचपट. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं टोक ताणून धरून एकाच दिशेने पीळ देत राहा. हाताने कंटाळा येतो; ड्रिल मशीनला हुक लावला तर एका मिनिटाचं काम आहे. पीळ इतका बसला पाहिजे की दोरा सैल सोडताच त्याची वेटोळी व्हायला लागावीत. मग मध्यावर बोट धरून दोन्ही टोकं एकत्र आणा आणि मध्य सोडा. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती वळतील. मोकळ्या टोकांना गाठ मारली की दोरी तयार.

विकतची दोरीही अशीच असते. मध्यावर जिथे दोरा दुमडला, तिथे गाठ नसते. तिथले पदर बोटांनी उकलले की फास उघडतो आणि त्यातून यो-यो आत जातो.

दोरी किती लांब ठेवायची, आणि बोटात कशी घालायची?

यो-यो जमिनीला टेकवा, दोरी सरळ वर धरा आणि बेंबीच्या उंचीपासून चार बोटं वर कापा. लहान मुलांसाठी बेंबीएवढीच ठेवा. कापलेल्या टोकाला छोटं वेटोळं बांधा. पण ते वेटोळं थेट बोटात घालायचं नसतं. वेटोळ्यातून दोरीच ओढून घ्या म्हणजे सरकफास तयार होतो, तो मधल्या बोटात, पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये बसवा. खूप वेळ खेळताना बोट लाल-निळं पडायला लागलं तर थांबा, फास सैल करा.

दोरी गुंता करते, कधी यो-यो झोपत नाही, कधी परत येत नाही. बिघडलंय काय?

बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो दोरीचा पीळ, आणि हे कळलं की निम्म्या तक्रारी संपतात. प्रत्येक फेकीबरोबर दोरीचा पीळ थोडा वाढतो किंवा उतरतो. पीळ वाढला की फास आसाला आवळून धरतो आणि यो-यो खाली थांबत नाही. पीळ उतरला की फास ढिला पडतो, यो-यो मस्त झोपतो, पण झटका दिला तरी उठत नाही.

ओळखायला सोपं आहे. यो-यो खाली सोडा, हात आणि यो-यो यांच्यामध्ये दोरी थोडी सैल करा. ती लगेच मुरगळून स्वतःभोवती वळली तर पीळ जास्त आहे. नुसती लोंबत राहिली तर ठीक आहे. पीळ कमी करायचा तर फास बोटातून काढा, दोरीचं टोक धरून यो-यो मोकळा लोंबू द्या आणि त्याला स्वतःभोवती फिरून थांबू द्या. वाढवायचा तर लोंबता यो-यो वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, उतरवायचा तर उलट दिशेने. दर आठ-दहा फेकींनंतर हे करायची सवय लावून घ्या.

पीळ नीट असूनही यो-यो परत येत नसेल तर आसाभोवती फास दुहेरी घाला, म्हणजे एकदा गुंडाळून पुन्हा चकतीवरून काढा. पोलादी आसावर शिकणाऱ्या मुलांसाठी ही युक्ती फार कामाची आहे. आणि दोरी जुनी, काळपट, केसाळ झाली असेल तर सरळ फेकून द्या. मेहनत करून खेळणाऱ्याला दर एक-दोन दिवसांनी नवी दोरी लागते, त्यात कंजुषी नको.

फेकायचं कसं?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुढचं सगळं या एका हालचालीवर उभं आहे.

तळहात आकाशाकडे करा. यो-यो तळहातावर उभा, काठावर बसवा. बोटातून निघालेली दोरी यो-योच्या वरच्या बाजूने गेली पाहिजे, खालून नाही. खालून गेली असेल तर यो-यो उलटा धरला आहे. आता दंड दाखवल्यासारखा हात वर घ्या, मूठ कानाजवळ येईल. तिथून कोपर खाली आणत मनगट मोकळं सोडा आणि यो-यो बोटांच्या टोकांवरून जमिनीकडे जाऊ द्या. जोर खांद्यातून काढू नका, मनगटातून काढा.

यो-यो दोरीच्या शेवटी पोचेल त्या क्षणी हात अगदी किंचित खाली न्या, जणू त्याला हळूच ठेवताय. बरेच जण नेमके इथेच हात वर ओढतात, मग दोरी सैल पडते आणि यो-यो लगेच परत येतो. त्यांना वाटतं यो-यो खराब आहे. हात शांत राहिला की यो-यो खाली थांबतो आणि लाकडी आस दोरीशी बारीक कुरकुरतो, तो आवाज ऐकू येतो. मग तळहात जमिनीकडे करा, बोटांनी छोटा झटका द्या आणि मूठ उघडी ठेवा.

यो-यो तिरका जातोय का हे आरशात बघा. तिरका गेला की दोरी एका चकतीच्या भिंतीला घासते, गती मरते. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं मनगट बहुधा आतल्या बाजूला वळतं. हात समोरच्या भिंतीकडे नेम धरल्यासारखा सरळ रेषेत आला की हे सुटतं. खाली गेल्यावर यो-यो वळत असेल तर त्याला वळवायला जाऊ नका, तुम्हीच त्याच्याबरोबर वळा.

कोणत्या क्रमाने ट्रिक्स शिकू?

स्लीपर, मग वॉक द डॉग. फिरता यो-यो जमिनीला अलगद टेकवायचा, तो स्वतःच पुढे पळतो. हे प्लास्टिकच्या यो-योनेच करा, कोबा किंवा दगडी फरशी लाकडाच्या कडा खाते. मग फॉरवर्ड पास: हात मांडीजवळ, तळहात मागे, यो-यो समोर फेकायचा आणि तळहात वर करून झेलायचा. त्याच्यानंतर अराउंड द वर्ल्ड, म्हणजे तोच फॉरवर्ड पास, पण परत न बोलावता पूर्ण गोल फिरवायचा. अराउंड द वर्ल्डसाठी दोरी नवी हवी आणि आजूबाजूला कुणी नको.

रॉक द बेबीमध्ये बहुतेक जण अडतात ते वेळ पुरत नाही म्हणून. दुसऱ्या हाताने दोरीचा त्रिकोण करून त्यातून यो-यो पाळण्यासारखा झुलवायचा असतो. फिरत्या यो-योवर सराव करू नका. यो-यो नुसता लोंबता ठेवा आणि बोटांनी त्रिकोण करा, मोडा, पुन्हा करा. डोळे मिटून तीन सेकंदांत त्रिकोण व्हायला लागला की मग फेका. फिक्स्ड ॲक्सलवरची प्रत्येक आकृती मी याच पद्धतीने शिकवतो.

दोरीवर झेलायच्या ट्रिक्स यावर होतात का?

होतात. ब्रेकअवेने सुरुवात करा: यो-यो खाली न फेकता शरीराच्या बाजूला फेकायचा, तो समोरून अर्धवर्तुळात दुसऱ्या बाजूला येतो. तो डाव्या बाजूने वर येताना डाव्या हाताची तर्जनी दोरीला आडवी लावा, यो-यो तिच्यावरून वळून दोरीवर उतरेल. हा ट्रॅपीज. नेम यो-योवर धरायचा नाही, तर्जनी यो-योच्या शक्य तितकी जवळ ठेवायची. बोट आणि यो-यो यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी चूक कमी.

उतरताना यो-यो दोरी पकडून गुंडाळायला लागला तर तुम्ही दोरी सैल सोडली आहे. दोन्ही हात किंचित ताणून ठेवा.

स्टॉल म्हणजे काय? फिक्स्ड ॲक्सलवाले त्याबद्दल इतकं का बोलतात?

कारण स्टॉल हा या यो-योचा स्वतःचा खेळ आहे. झटका दिल्यावर यो-यो दोरी गुंडाळत वर येतो. तो हातात येऊ न देता, थोडी दोरी उरलेली असताना, त्याला दोरीवर बसवायचा. तो क्षणभर थांबतो, फिरायचा पूर्ण बंद होतो. मग त्याला दोरीवरून खाली सोडलं की तो उलट्या दिशेने फिरत दोरी सोडतो, टोकाशी पोचून पुन्हा गुंडाळत वर येतो, आणि पुन्हा बसवता येतो.

म्हणजे स्लीपरचे दहा सेकंद संपले तरी खेळ संपत नाही. एकदा हा ताल सापडला की यो-यो हातात न घेता कितीही वेळ खेळत राहता येतं. बेअरिंगच्या यो-योवर हे अवघड आहे, कारण तो दोरी पकडतच नाही.

शिकताना ब्रेकअवे करा, यो-यो डावीकडून वर यायला लागताच हलका झटका द्या आणि उरलेल्या दोरीचा छोटा ट्रॅपीज करून त्याला झेला. पहिल्यांदा तो दोरीवर न बसता बोटाच्या पेरावर आपटेल आणि दुखेल. हळू फेका. स्टॉलला ताकद लागतच नाही, जितकी फेक हळू तितका स्टॉल स्वच्छ. बटरफ्लाय आकार, सुती दोरी आणि लाकडी आस ही यासाठी सर्वांत चांगली जोडी.

लूप जमायला किती दिवस लागतात?

एक लूप आठवड्यात, सलग दहा बऱ्याच सरावाने. परत येणारा यो-यो न झेलता हाताच्या आतल्या बाजूने वळवून पुन्हा पुढे पाठवायचा असतो, आणि तेही मनगटाने. हात पुढे-मागे हलत असेल तर मनगट काम करत नाहीये. लूपमध्ये दोरीचा पीळ फार लवकर बदलतो, हे लक्षात ठेवा.

घर छोटं आहे, डोक्यावर पंखा आहे. सराव कुठे करू?

अराउंड द वर्ल्ड आणि लूप गच्चीत किंवा मैदानात. बाकी सगळं घरात होतं, दोन्ही हात पसरून फिरता येईल एवढी जागा हवी. पायाखाली जाड सतरंजी घाला, यो-यो वाचतो. ट्यूबलाइट, टीव्ही आणि रांगणारं बाळ यांच्यापासून लांब उभे राहा. चष्मा असेल तर काढू नका.

माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि डावखुरी आहे. शिकेल का?

नक्की शिकेल. डाव्या हाताला फास घाला आणि वर सांगितलेलं सगळं आरशात बघितल्यासारखं उलट करा. यो-यो डावा-उजवा नसतो. लहान हाताला हलका, अरुंद यो-यो द्या, दोरी दुहेरी घाला म्हणजे परत येण्याची खात्री राहील. सुरुवातीला तिला नुसतं खाली-वर करू द्या. दोरी बदलणं आणि पीळ बघणं काही महिने आईबाबांनीच करावं.

यो-यो हे फिलिपिन्सचं शस्त्र होतं म्हणतात, ते खरं आहे का?

झाडावर बसून शिकारी यो-यो फेकायचे ही गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते, पण तिला पुरावा नाही. ग्रीसमध्ये सुमारे इ.स.पू. 440 मधल्या एका रंगवलेल्या पात्रावर यो-यो खेळणारा मुलगा आहे, म्हणजे खेळणं तर फार जुनं.

फिलिपिन्सचा खरा वाटा वेगळा आणि जास्त मोठा आहे. तिथल्या विंतार गावात जन्मलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी 1928 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे यो-योचा कारखाना काढला. त्यांच्या यो-योची दोरी आसाला बांधलेली नव्हती, फास घालून अडकवलेली होती. अमेरिकेत तोवर जे यो-यो होते, ते खाली-वर करण्यापलीकडे फारसे जात नव्हते. फासाच्या दोरीने स्लीपर आला आणि स्लीपरमुळे बाकी सगळ्या ट्रिक्स आल्या. आपण यो-योचा शोध लावला असं फ्लोरेस यांनी कधी म्हटलं नाही. त्यांचा धंदा पुढे डोनाल्ड डंकन यांनी विकत घेतला. यो-यो हे नाव डंकन यांच्या कंपनीने स्वतःच्या मालकीचं करून ठेवलं होतं, ते 1965 मध्ये अमेरिकी न्यायालयाने सगळ्यांसाठी खुलं केलं.

यात स्पर्धा असतात का?

जागतिक स्पर्धेतले पाच मुख्य विभाग 1ए ते 5ए या नावांनी ओळखले जातात: एका यो-योने दोरीवरच्या ट्रिक्स, दोन यो-योंनी लूप, दोन यो-योंनी दोरीवरच्या ट्रिक्स, दोरीपासून सुटा यो-यो आणि बोटाऐवजी दोरीच्या टोकाला वजन बांधलेला यो-यो. फिक्स्ड ॲक्सलच्या खेळाला खेळाडू आपसांत 0ए म्हणतात.

आस झिजला किंवा यो-यो थरथरायला लागला तर?

लाकडी आसावर मध्यभागी बारीक खाचा पडल्या, हाताला खरखर लागली, की त्याचं आयुष्य संपत आलं. आस बदलता येत असेल तर त्याच जाडीचा, घट्ट लाकडाचा, सरळ रेषांचा तुकडा कापून घाला. चिकटवलेला असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी आसाभोवती गुंडाळून दोन-चार वेळा फिरवा, एवढ्यावर आणखी काही महिने निघतात.

थरथर नवी असेल तर आधी स्क्रू किंवा जोड घट्ट आहे का बघा. मग चकती कुठे ठेचली गेली आहे का ते अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून तपासा, उडालेला टवका लगेच दिसतो. कड खरखरीत झाली असेल तर ती आजच्या आज घासून गुळगुळीत करा, कारण ती दोरी कापते आणि तुटलेल्या दोरीवरचा यो-यो कुठे जाईल हे सांगता येत नाही.